जुनी बाकी आणि नवा मक्ता

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या अरण्यप्रदेशात वर्षाचे जे मोठे व्यवहार होतात, त्यांपैकी बहुतेकांना संक्रांतीनंतर आणि होळीपूर्वी आकार येतो. कारण धानाची मळणी तोपर्यंत आटोपलेली असते, मोह अजून गळू लागलेला नसतो, आणि तेंदूच्या खुटकटाईपूर्वी, म्हणजे झुडपांच्या छाटणीपूर्वी, कोणत्या गावाची पाने कोणता कंत्राटदार घेणार, कोणत्या फळीवर कोणता मुन्शी बसणार आणि कोणाच्या हातावर इसाराची किती रक्कम पडणार, याचा निर्णय याच थोड्या आठवड्यांत करावा लागतो. या दिवसांत गावोगाव एकच विचारणा चालू असते : मागच्या सालचाच माणूस धरावा, की बदलावा? कंत्राट बदलण्यात लाभ किती हे सांगायला अनेक जण पुढे येतात. त्यातील जोखीम किती आणि ती नेमकी कोणाच्या शिरावर येऊन पडते, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

वनोपजाचा मक्ता ही या भूमीत नवी गोष्ट नव्हे. 1854 साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्हा इंग्रजी अंमलाखाली आला, आलापल्लीच्या सागवानावर सरकारी शिक्का बसला, आणि लाकूड, बांबू, डिंक, लाख यांपैकी प्रत्येक जिनसेभोवती इजारदार, दलाल आणि कारकून यांची एक साखळी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर 1969 च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापाराचे विनियमन) अधिनियमाने तेंदूचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आणला. जंगलाचे घटक पाडावयाचे, त्यांचा लिलाव वनविभागाने करावयाचा आणि ज्याची बोली सर्वांत मोठी त्याने तो हंगाम उचलावयाचा, अशी रीत पडली. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी ही रीत दोन्हीकडे सारखीच राहिली. गोंदियाचे, तेलंगणाचे, छत्तीसगडचे व्यापारी येत, आणि त्यांच्या वतीने गावात वावरणारा, गावाचीच भाषा बोलणारा, बहुधा गावचाच असणारा एक माणूस सर्व व्यवहाराच्या मध्यभागी बसे. तो म्हणजे मुन्शी.

मुन्शी हा कोणाचाही कायमचा नोकर नसतो. त्याला नेमणुकीचा कागद मिळत नाही, हंगाम संपला की त्याचे नाते संपते, आणि पुढल्या माघ-फाल्गुनात तो पुन्हा आपले कसब घेऊन बाजारात मोकळा उभा असतो. कसब म्हटले ते सहेतुक. खुटकटाई कधी करावी म्हणजे नवी पालवी मऊ आणि मोठी येईल, कोणत्या टोल्याच्या बाया कोणत्या बाजूच्या जंगलात जातात, कोणाच्या पुडक्यात पाने कमी भरतात आणि कोणाच्या पुडक्याकडे पाहावेही लागत नाही, हे त्याला तोंडपाठ असते. पहाटे जंगलात गेलेली कुटुंबे उन्हे चढता चढता घरी परततात, दुपारभर ओसरीवर बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात, आणि दिवस कलल्यावर ती फळीवर आणतात. तेथे मुन्शी पुडकी मोजून घेतो, फाटक्या किंवा काळवंडलेल्या पानांची बाजूला काढतो, आणि प्रत्येकाच्या कार्डावर व आपल्या वहीत आकडा चढवतो. अशी हजार पुडकी म्हणजे एक प्रमाण गोणी, अर्थात सत्तर हजार पाने. पुढे काही दिवस ती पुडकी उघड्या जमिनीवर ओळीने मांडून वाळवायची, उलथायची, बेताने पाणी शिंपून मऊ करायची आणि वळवाचा पाऊस गाठण्यापूर्वी गोण्यांत भरून गोदामात पोचवायची. एका अवकाळी सरीने ओळीच्या ओळी काळ्या पडतात. म्हणून या धंद्यात प्रत्येक तासाला मोल आहे, आणि ज्याच्या हाती वेळ थोडा असतो त्याला सौद्यात वाकावे लागते.

कुरखेड्याकडून कोरचीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात असेच एक मुन्शी भेटले. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा होती, आणि ती रास्त होती. त्यांनी एका कंत्राटदाराकडे सलग अनेक हंगाम काढले. मग दुसऱ्याने गोणीमागे अधिक दस्तुरी आणि इसाराची अधिक रक्कम देऊ केली, म्हणून ते त्याच्याकडे गेले. त्यांनी मला दोन वह्या दाखवल्या. जुन्या वहीत नावापुढे पुडक्यांचा शेकडा, मग रक्कम, मग 'दिले', मग 'बाकी' असे उभे रकाने आखलेले होते, आणि शेवटच्या रकान्यात पुष्कळ ठिकाणी शाईचे आकडे तसेच उभे होते; कारण जुन्या कंत्राटदाराने, मुन्शी आपल्याला सोडून जाणार हे कळताच, हंगामाच्या अखेरचा हप्ता रोखून धरला होता. तो हप्ता मुन्शीचा नव्हता, तोडणाऱ्या बायांचा होता. परंतु बाया ज्याला ओळखतात तो परजिल्ह्यातला व्यापारी नव्हे. नव्या हंगामाच्या पहिल्याच संध्याकाळी नव्या मालकाच्या फळीवर एका वृद्ध स्त्रीने आपली पुडकी पदराआड धरली आणि विचारले, "भाऊ, मांगच्या सालचे पैसे कवा भेटतीन जी?" मुन्शी म्हणाले, "काकू, तो मालक वेगळा होता, हा वेगळा आहे." त्यावर ती म्हणाली, "मालक बदलला असन, तू तं तोच आहेस ना." तिचे हे उत्तर त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली आला. पुढे त्यांनी आपल्या दस्तुरीतून थोडी थोडी बाकी फेडली. सगळी फेडता आलेली नाही.

स्वतंत्र वृत्तीने काम करणारा माणूस जेव्हा एक मक्ता सोडून दुसरा धरतो, तेव्हा तो दोन मालकांमधील अंतर एका उडीत ओलांडतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या अंतरात त्याची जुनी येणी, जुनी देणी आणि त्याच्या शब्दावर विसंबलेली माणसे अशी तिन्ही अडकून पडलेली असतात, आणि नवा मालक त्यांपैकी कशाचेही उत्तरदायित्व पत्करीत नाही. जुन्या मालकाच्या हाती एकच शस्त्र उरते, ते म्हणजे न दिलेला पैसा. आणि ते तो वापरतो. म्हणून बदलण्याची खरी वेळ नवा इसार हाती पडतो ती नव्हे, तर जुन्या हिशेबाची रुजुवात होऊन दोन्ही बाजूंची सही पडते ती होय. जुन्या मक्तेदारीत हिशेब बेबाक झाल्याची फारखती लिहून घेण्याचा प्रघात होता. इजारदार कितीही उन्मत्त असला तरी तो कागद दिल्याखेरीज कारकून हलत नसे. आज मोबाईलवर रक्कम पाठवता येते, पण फारखती मागायची लाज वाटते, असे मला अनेकांनी सांगितले. ही लाज सोडली पाहिजे.

कायदा या माणसाच्या बाजूने नाही असे नाही. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाचे सत्ताविसावे कलम धंद्याला अटकाव करणारा करार निरर्थक ठरवते, तेव्हा 'माझ्याकडे काम केलेस, आता दुसऱ्याकडे जाऊ नकोस' असे बजावण्याचा अधिकार कोणत्याही कंत्राटदाराला नाही. त्याच अधिनियमाच्या त्र्याहत्तराव्या कलमान्वये करारभंगाची नुकसानभरपाई मागता येते. आणि दिलेल्या उचलीच्या बळावर माणसाला बांधून ठेवण्याची प्रथा तर 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने गुन्हा ठरवली आहे. परंतु करार तोंडी, साक्षीदार जंगलातले, प्रतिवादी परराज्यातला, आणि दाव्याची मुदत तीन वर्षांची. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो, आणि एका तारखेचा खर्च कित्येकदा बाकीच्या आकड्यालाच गिळतो. अशा स्थितीत कायद्याचा उपयोग दाव्यापेक्षा सौद्याच्या वेळी अधिक होतो; जो माणूस कलमे जाणतो त्याला धमकावणे कठीण जाते.

मुन्शीपुरते हे सांगितले. परंतु गेल्या दीड दशकात या प्रदेशात कंत्राट बदलणारा त्याहून मोठा पक्ष उदयाला आला आहे, आणि तो म्हणजे ग्रामसभा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडवस्तीच्या गावाला वनहक्क अधिनियमाखाली 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी अनेक वर्षे चालवलेल्या अभ्यासाचे ते फळ होते. त्यापूर्वी त्या परिसरातला बांबू दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने कागद कारखान्याकडे जाई, आणि गावकऱ्यांनी त्याला विरोध केला होता. आता तोच बांबू कोणाला, कोणत्या भावाने आणि कोणत्या अटींवर द्यावयाचा हे गाव ठरवू लागले. 4 मार्च 2014 रोजी महाराष्ट्राचे पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या कायद्याचे) नियम आले, आणि तेंदूच्या बाबतीत अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांपुढे दोन वाटा मोकळ्या झाल्या : वनविभागामार्फत लिलाव करून घ्यावा, किंवा आपण स्वतःच विक्रेता व्हावे.

या दुसऱ्या वाटेचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. ज्या माणसांनी पिढ्यानुपिढ्या दुसऱ्याच्या जिनसेची मजुरी केली ती आपल्या जिनसेची धनी झाली, याहून मोठी घटना या जिल्ह्यांच्या अर्वाचीन इतिहासात मला दिसत नाही. पण त्यामुळेच तिच्यातली जोखीम स्पष्ट बोलली पाहिजे. वनविभाग मध्ये होता तेव्हा स्वामित्वशुल्क बुडाले तर ती शासनाची डोकेदुखी होती, आणि मजुरी थकली तर जाब विचारायला एक कचेरी होती. ग्रामसभा स्वतः विकू लागली की तोडणारा आणि विकणारा एकच होतो. मजुरी ही मग निराळी रक्कम राहत नाही, ती किमतीच्या पोटात शिरते, आणि खरेदीदाराने किंमत बुडवली तर त्याबरोबर महिनाभराचे श्रमही बुडतात.

भावाच्या चढउताराने हे सर्व अधिक बिकट होते. 2017 च्या हंगामात तेंदूचे भाव चढले आणि अनेक ग्रामसभांनी जुन्या, परिचित खरेदीदारांना सोडून मोठी बोली लावणाऱ्या नवागतांना पसंती दिली. त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला; तेंदूपानावर 18 टक्के आणि विडीवर 28 टक्के अशी आकारणी आली. म्हणजे मे महिन्यात ज्या किमतीच्या भरवशावर पाने उचलली, ती पाने गोदामात असतानाच विडीच्या कारखानदाराचे गणित बदलले. पुढच्या वर्षी भाव उतरले. ज्यांच्यापाशी भांडवल होते त्यांनी तोटा सोसून हिशेब पुरे केले. ज्यांनी केवळ उसन्या पैशावर आणि भाव चढतच राहतील या आशेवर बोली लावली होती, त्यांच्याकडे तगादा लावता लावता गावे थकली. 2020 साली तर खुटकटाईच्या ऐन दिवसांत देशव्यापी टाळेबंदी पुकारली गेली, आणि खरेदीदार येणार की नाही हेच अनिश्चित झाले. बोलीचा आकडा आणि बोली लावणाऱ्याची ऐपत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे गावांना ज्या किमतीत शिकावे लागले ती किंमत फार मोठी होती.

यावरचा इलाज गावांनीच शोधला, आणि तो मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली. एकट्या गावाने व्यापाऱ्याशी बोलण्याऐवजी अनेक गावांनी मिळून बोलणी करावी, असा त्यामागचा विचार. अशा एकजुटीत एक गाव दुसऱ्याला सांगते की अमक्याने आमचे पैसे कधी दिले, किती रखडवले, आणि कोणत्या निमित्ताने कापले. ही माहिती एकट्या गावाला कोणत्याही किमतीत मिळाली नसती. शिवाय ग्रामसभेच्या हाती एक साधन असे आहे की जे मुन्शीच्या हाती कधीच नव्हते, आणि ते म्हणजे वाहतुकीचा परवाना. 2012 साली वनहक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीने गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. गोण्या गोदामात आहेत आणि परवाना गावाच्या पेटीत आहे, तोवर खरेदीदार नम्र असतो. गाडी रस्त्याला लागली की तगाद्याचे दिवस सुरू होतात. म्हणून अनामत आधी, हप्त्यांच्या तारखा लेखी, गोदामाला दोन कुलपे, आणि पूर्ण भरणा झाल्याखेरीज शेवटच्या गोण्यांचा परवाना नाही, असा करारनामा जे गाव आग्रहाने लिहून घेते, त्याने खरेदीदार दरसाल बदलला तरी त्याचे फारसे बिघडत नाही.

पैशाखेरीज आणखी दोन धोके या करारात असतात, आणि करारनाम्यात त्यांचा उल्लेख बहुधा नसतो. पहिला वन्यप्राण्यांचा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात वाघांची वस्ती दाट आहे, आणि तेंदू तोडणारी स्त्री ओणवी होऊन, झुडपांत, पहाटेच्या अंधुक उजेडात काम करते. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. शासनाची भरपाई मिळते, परंतु ज्या व्यापारासाठी ती स्त्री जंगलात गेली तो व्यापार तिच्या कुटुंबाचे काय देणे लागतो, हा प्रश्न कंत्राट बदलताना विचारलाच जात नाही. नवा खरेदीदार अधिक भाव देतो एवढेच पाहिले जाते, तो विमा उतरवतो की नाही हे पाहिले जात नाही. दुसरा धोका रोकडीचा. नक्षलवाद्यांना तेंदूच्या कंत्राटदारांकडून खंडणी जाते हा या जिल्ह्यांतला उघड व्यवहार होता, आणि त्यामुळे मोठी रोख रक्कम घेऊन जंगलरस्त्याने जाणारा मुन्शी दोन्ही बाजूंच्या संशयाच्या कक्षेत येई. परिचित मालकाकडे असताना तो निदान कोणाचा माणूस आहे हे सर्वांना ठाऊक असे. मालक बदलला की तीही ओळख गळून पडे. खातेदारांच्या बँकखात्यांत रकमा थेट जमा होऊ लागल्यापासून हे भय बरेच ओसरले आहे, आणि या एका कारणासाठी तरी रोखीच्या व्यवहाराकडे परत वळू नये.

चंद्रपूर शहराच्या अंगाने पाहिले तर याच प्रश्नाचे उलटे रूप दिसते. दुर्गापूरचे 2920 मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीजकेंद्र आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी यांच्या भोवती हजारो कंत्राटी कामगारांची वस्ती आहे. तेथे माणूस कंत्राट बदलत नाही. कंत्राटच माणसाच्या डोक्यावरून बदलत राहते. तोच कामगार, तोच राखेचा पट्टा, तीच पाळी. फक्त हजेरीपुस्तकावरचे कंत्राटदाराचे नाव निराळे. 1972 च्या उपदान अधिनियमाने मागितलेली पाच वर्षांची सलग सेवा दर निविदेबरोबर पुन्हा शून्यापासून मोजण्याचा प्रयत्न होतो, आणि भविष्यनिर्वाह निधीतली जमा प्रत्येक खांदेपालटाला काढून घेण्याचा मोह पडला की 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेला लागणारी दहा वर्षे कधीच भरत नाहीत. तरीही या कामगारामागे एक आधार होता : 1970 च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने असे ठरवून ठेवले की कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात, कंत्राट पद्धती बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असा निर्णय दिला, आणि अनेकांच्या आशा मावळल्या. परंतु थकलेल्या मजुरीसाठी मूळ मालकाच्या दारात उभे राहण्याचा अधिकार त्या निर्णयाने गेला नाही. फळीवरच्या मुन्शीच्या आणि तोडणाऱ्या बाईच्या मागे असा कोणी मूळ मालक उभा नाही. जंगलातला माणूस अधिक स्वतंत्र आहे आणि तेवढाच अधिक उघडा आहे.

गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने या साऱ्यातून तिसरीच वाट काढली. 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने बांबूची विक्री आपल्या हाती घेतली आणि तेंदूच्या पानांचा व्यवहार मात्र विचारपूर्वक सोडून दिला. पानांसाठी झाडे छाटावी लागतात, वणवे लावले जातात, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळे, पिकण्यापूर्वीच झाड उजाड होते, असे त्यांचे कारण. हे सर्व गावांना जमेल असे मी म्हणणार नाही. ज्या गावात बांबू विपुल आहे त्याला हे परवडते. भामरागड किंवा एटापल्लीच्या ज्या वस्तीत मे महिन्यातला तेंदूचा पैसा हाच पावसाळ्याची मीठमिरची, बियाणे आणि मुलांची पुस्तके पुरवतो, तिला तो सोडा असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. पण नवा मक्ता धरण्यापूर्वी मक्ताच धरावा की नाही हा प्रश्न ग्रामसभेत उघड विचारला गेला, हे त्या गावाचे मोठेपण आहे.

ग्रामसभांच्या करारनाम्यांत एक उणीव मात्र मला सतत जाणवली. खरेदीदाराचे नाव त्यात असते, ग्रामसभेच्या समितीच्या सह्या असतात, गोणीचा भाव असतो. फळीवर बसणाऱ्या मुन्शीचे नाव बहुधा नसते, कारण तो अजूनही खरेदीदाराचा खासगी माणूस समजला जातो. वास्तविक मोजणी त्याची, वही त्याची, आणि संध्याकाळी बायांच्या प्रश्नांना तोंड देणाराही तोच. त्याची नेमणूक ग्रामसभेने करावी, त्याची दस्तुरी किमतीतून वेगळी काढून त्याच्या खात्यात परभारे जमा व्हावी, हंगामाच्या अखेरीस त्याची वही ग्रामसभेपुढे वाचली जावी आणि बाकीच्या रकान्यावर खरेदीदाराची सही घेतल्यावरच शेवटचा परवाना फाडला जावा, एवढे कलम करारात घालायला कोणताही नवा कायदा लागत नाही. कोरचीच्या वाटेवरचे ते मुन्शी म्हणाले की असे कलम असते तर आपण तरीही मालक बदलला असता, कारण नवा मालक खरोखरच अधिक देत होता. फक्त जुनी वही घरी आणावी लागली नसती.